चालणं तुझं, तलवार माझी

लाल्या चालायचा थांबला, तेव्हा मी तुला शिवीच दिली. “चाल ना वं! खाऊन राहिला ना त्याले तो बेडूक!” सकाळचा चहा झालेला. आपण दोघं दिवाणावर, खांद्याला खांदा लावून, समोर टीव्ही, आणि दोघांत मिळून खेळाचं ते एकच पॅड. डावी बाजू तुझ्या हातात, उजवी माझ्या. लाल टोपीवाल्या त्या गड्याला चालवायचं तू आणि त्याची तलवार मारायची मी, असं आपलं पहिल्यापासून. बेडूक मागून येत होता आणि लाल्या तोंड दुसरीकडे करून उभा. तोंड फिरवणं तुझं काम. मी आपला हवेत तलवार मारतो आहे. एक बदाम गेला. दुसरा गेला. बदाम म्हणजे लाल्याचा जीव, तेही संपत आले. “झोपली काय वं? आत्ता तर उठली!” मी म्हणालो. मग पॅड तुझ्या बाजूनं जड झालं आणि खाली ओढल्या गेलं.

मधलं बटन कोणाचं यावर आपलं कधी पटलं नाही. पॅडच्या मधोमध ते बारकं बटन, दाबलं की खेळ जागच्या जागी थांबतो. तू म्हणायची ते तुझं, कारण दूध उतू जाते, भाजीवाली हाक मारते, थांबायचं काम तुलाच पडते. मी म्हणायचो ते माझं, कारण ते जरा उजवीकडे आहे. त्या दिवशी ते मी दाबलं. आधी बटन दाबलं आणि मग तुला हलवलं. हे कोणाला सांगितलं नाही. तुला सांगतो, कारण माझ्या जागी तू असती तर तूही तेच केलं असतं. वरून तुझ्या बहिणीला, सुमनला, म्हटलं असतं, “यांचं तर झालंच होतं वं, लाल्याजवळ एकच बदाम होता.”

लबाड आहेस तू. लकवा झाला तेव्हापासून रोज म्हणायची, “तुमाले पोचवल्याशिवाय मी मरत नाही, माह्याशिवाय तुमाले दोन दिवस कोणी ठेवणार नाही.” मी त्याच भरवशावर होतो. माझं बीपी, माझी शुगर, माझ्या छातीतली जळजळ, सगळं मोजून मी धरून चाललो होतो की आधी मी. आणि तू अशी, एका बेडकाच्या नादात, न सांगता. निदान म्हणायचं तरी होतं, जरा धरा हो ही बाजू.

हा खेळाचा डबा आपल्या संजूसाठी आणला होता, तुला आठवत असेल. तो शाळेत होता, मी ऑटो चालवायचो. सीताबर्डीवर एका भाड्याची वाट पाहत उभा होतो, समोर फुटपाथवर एक जण टीव्हीचे गेम विकत होता. डबा घेतला, त्याच्यासोबत कॅसेट फुकट दिली. पिवळी कॅसेट, वर चित्र नाही, नाव नाही. घरी लावली तर संजू रडला. त्याला मोटारींच्या शर्यतीचा गेम पाहिजे होता. यात शर्यत नाही, काही नाही. एक लाल टोपीवाला पोरगा हिरव्या मैदानात उभा, हातात काडीसारखी तलवार. कुठं जायचं ते कोणी सांगत नाही. मैदान संपलं की दुसरं मैदान, मग तळं, मग डोंगर, मग भुयार. भुयारात बसलेली माणसं काहीतरी लिहून सांगतात, पण ते लिहिणं ना मराठी, ना हिंदी, ना इंग्रजी. कोळ्याचे पाय शाईत बुडवून चालवल्यासारखं. संजू थोडे दिवस खेळला, भुयारातल्या वटवाघळांनी मारलं की तो पॅड आपटायचा, आणि दहावीच्या अभ्यासाला लागल्यावर म्हणाला, हे लहान पोरांचं आहे.

मग तू घेतला. दुपारी सगळी कामं आटोपून. मी जेवायला घरी यायचो तर तू टीव्हीसमोर. मी म्हटलं मलाही दे. तू म्हणाली, “तुमी तलवार धरा. चालणं तुमाले जमणार नाही, तुमी गर्दीत हॉर्न वाजवणारे माणसं.” दुसरं पॅड कधीच मोडलं होतं, आणि या खेळात तसाही एकच गडी. म्हणून एका पॅडवर दोघं बसलो. लोकांच्या घरी नवरा-बायको एका ताटात जेवत नाहीत, आपण एका पॅडवर बसलो. लग्नात तुझा हात धरला होता, त्यानंतर इतक्या जवळ बसायला आपल्याला त्या खेळानंच लावलं. नाहीतर कोण बसतं? मला लाज वाटायची, तुला नाही.

तू खाप्याची. माहेर खापा आणि सासर प्रताप नगर, मधला रस्ता एसटीच्या खिडकीतून पाहिलेला, त्याच्या पलीकडे तू काही पाहिलं नाही. मी अख्खं नागपूर फिरवलं, पण दुसऱ्यांना. हे तू मला खेळताना ऐकवायची. लाल्या एखाद्या नव्या मैदानात शिरला की हळूच म्हणायची, “हा बरा. हा मीटर टाकत नाही.” मी म्हणायचो, “तुले फिरवलं असतं, पेट्रोल तुह्या बापानं पाठवलं असतं काय?” यावर तू माझ्या बाजूचं बटन दाबून लाल्याची तलवार फुकट फिरवायची. एवढं आपलं भांडण, आणि मग पुढचं मैदान.

भुयारातली म्हातारी बोलायची ते आपल्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तूच तिचं बोलणं लावायची. टीव्हीवर कोळ्याचे पाय उमटले की तुझा आवाज बारीक व्हायचा. “म्हणते, डाव्या अंगानं जा बाप्पा, उजव्या अंगाले माह्या सुना राहतात.” दुसऱ्या भुयारातला म्हातारा काही देत नसे, नुसता बसून असे. त्याचा आवाज तू माझा काढायची. “भाजीत मीठ कमी आहे. भाजीत मीठ कमी आहे.” संजू कॉलेजातून आला की दारात उभा राहून हसायचा. मी चिडायचो. आज ते भुयार आलं तर टीव्ही मुका राहील. मला तुझ्यासारखा आवाज काढता येत नाही, आणि माझा आवाज काढायला आता कोणी नाही.

पण आपलं खरं भांडण धोंड्यांचं. त्या खेळात जिकडे तिकडे धोंडे. शेकड्यांनी धोंडे असतील आणि त्यातला एखादाच ढकलला की सरकतो, खाली पायऱ्या निघतात, पायऱ्यांखाली काहीतरी. कधी बदाम, कधी ढाल, कधी नुसती ती म्हातारी. कोणता धोंडा सरकेल ते दिसून येत नाही. तू प्रत्येक धोंडा ढकलायची. प्रत्येक. वरून ढकलायची, खालून ढकलायची, डावीकडून, उजवीकडून. मी तलवार धरून बसलेलो, मारायला काहीच नाही, मला डुलकी लागायची. “काहून ढकलून राहिली वं? हा काल ढकलला होता.” “काल वरून ढकलला होता. आज खालून.” एखादा सरकला की तू ओरडायची आणि तुझं कोपर माझ्या फासळीत बसायचं. ती फासळी अजून दुखते. दुखणं काही जात नाही बाप्पा, देणारी गेली तरी.

मला मात्र शेवट पाहिजे होता. भाडं घेतलं की पोचवायचं, एवढं मला समजतं. डोंगराच्या वरच्या टोकाला काळं भुयार आहे, त्याच्या दारावर दोन दगडी डोकी. आतमध्ये खेळातला मोठा राक्षस. एकदाच आपण आत गेलो होतो, चुकून, अगदी सुरुवातीला. दार मागून बंद झालं, लाल्या एका फटक्यात मेला. त्यानंतर तू तिथवर जायची, दारात उभी राहायची आणि परत फिरायची. दरवेळी. मी तलवारीवर अंगठा ठेवून तयार, आणि लाल्या पाठ फिरवून डोंगर उतरतो आहे.

“काहून वं? आता तर बदामाची रांग भरली आहे.”

“राहू द्या. खालच्या तळ्याकडचे धोंडे राहिले.”

“धोंडे गेले चुलीत! एकदा मारू तर खरं त्याले.”

“मारल्यावर काय करसाल? संपलं की संपलं. मंग काय माह्यं तोंड पाहत बसाल?”

“तोंड तर तसंही पाहतोच. फुकट.”

“म्हणून तर किंमत नाही.”

त्या शेवटच्या सकाळीही हेच झालं. तू दारापर्यंत नेलं, थांबली, परत फिरली. मी म्हणालो, “मरशीन पण आत जाणार नाही तू.” म्हटलं ते म्हटलं. आपण एकमेकांना असंच बोलत आलो, गोड बोललो असतो तर तू डॉक्टरला बोलावलं असतं. पुढं त्या तळ्याकडच्या मैदानात तुझा अंगठा थांबला. मी बरोबर निघालो, एवढंच. या गोष्टीत बरोबर निघून काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलं नाही.

लकव्यानं तुझा उजवा हात नेला तेव्हा सगळे म्हणाले आता हिचं कसं. पोळ्या मी लाटायला लागलो, त्याला तू काय काय म्हणाली ते लिहीत नाही, नातेवाईक वाचतील. वेणी सुमन घालून द्यायची, तिलाही तू टोमणे मारले. पण खेळाचं काही अडलं नाही. तुझ्याकडे आधीपासून डावीच बाजू होती. दवाखान्यातून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू दिवाणावर बसली, डावा अंगठा पॅडवर ठेवला आणि मला म्हणाली, “पाहता काय? धरा तुमचं.” देवानं काय न्यायचं ते विचारून नेलं नाही, पण निदान बाजू पाहून नेली. त्याचे उपकार मी मानले होते. आता परत घेतो.

आणि मग कॅसेटच्या पोटातला सेल मेला. लाल्यानं काय काय मिळवलं ते त्या सेलाच्या जोरावर कॅसेटमध्ये राहत होतं. गेल्या दिवाळीच्या आधी एक दिवस लावलं तर लाल्या पहिल्या मैदानात, हातात काडी, बदाम तीन. इतक्या वर्षांचं सगळं साफ. मी सीताबर्डीवर घेऊन गेलो. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, हा सेल आता येत नाही. म्युझियमले देऊन टाका.” तू दोन वेळा जेवली नाही. मग म्हणाली, पुन्हा सुरू करू, आणि आता बंदच करायचं नाही. टीव्ही बंद करू, डबा चालू ठेवू. झालं. दिवाळीपासून तो डबा चालूच. त्याचा लाल दिवा देवाच्या दिव्यासारखा. लाइट गेली तर संजूनं बसवून दिलेला इन्व्हर्टर. उन्हाळा लागला तसा डबा तापायला लागला, तर तू कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं. नागपुरातला मे महिना, माणूस घामानं निथळतो आहे आणि कूलरची हवा खेळण्याला. “तुमाले बंद केलं तर पुन्हा चालू होता,” तू म्हणाली, “हा नाही होत.”

आता तुझ्या त्या दिवसाचं सांगतो, कारण तू होती पण पाहिलं नाही.

गल्लीतले डॉक्टर आले, मान हलवली, गेले. सुमन आली. तुझी बहीण म्हणून तिला दारापासूनच रडायचा हक्क आहे, तिनं तो पूर्ण वापरला. संजूला फोन केला. बेंगळुरूवरून त्याला दुपारशिवाय विमान नाही. बाहेर ऊन असं की चप्पल चिकटावी. शेजारच्या वानखेड्यांनी फ्रीजर बॉक्स बोलावला, माणूस गेल्यावर त्यात ठेवतात तो, काचेचा, फ्रीजसारखा. दोन पोरांनी तो बैठकीत आणून ठेवला. एक म्हणाला, “काका, मोठा प्लग कुठे आहे?”

बैठकीत मोठा प्लग एकच. त्यात आपला बोर्ड. बोर्डात टीव्ही आणि डबा. आतल्या खोलीची वायर जुनी, पोरानं पाहिली आणि म्हणाला, यावर बॉक्स चालवला तर घर पेटेल. वानखेडे म्हणाले, “काढा ना हा बोर्ड, टीव्ही तर बंदच आहे.” हात पुढं केला.

मी म्हणालो, “त्याले हात लावू नका.”

“अहो, दोन मिनिटाचं काम.”

“दोन मिनिटं नाही. एक क्षणही नाही.”

सुमननं पदर तोंडावरून काढला. तिला माहीत होतं. तिला तर त्या डब्याचा रागच होता, तिच्या घरी आलेल्या पाहुण्यांना ती सांगायची, आमची ताई लहान पोरासारखी टीव्हीशी खेळते. ती उभी राहिली. “भाऊजी, ताईले असं उन्हात ठेवता अन् ह्या खेळण्याले प्लग देता? लोकं थुंकतीन तुमच्यावर.”

“थुंकू दे. बर्फ आणा.”

“काय?”

“बर्फ आणा म्हटलं. आधी बॉक्स कुठं होते? बर्फावरच ठेवत होते.”

बॉक्सवाले बॉक्स घेऊन गेले. वानखेड्यांचा जावई बर्फाच्या कारखान्यात गेला, भुशात गुंडाळलेल्या लाद्या ऑटोत घालून आणल्या. गोणपाट अंथरलं, लाद्या ठेवल्या, त्यावर तुला. बर्फ वितळायला लागला तसं बैठकीत पाणी झालं. येणारा जाणारा त्या पाण्यात पाय ठेवून नमस्कार करायचा आणि बाहेर जाऊन बोलायचा. मला ऐकू येत होतं. “बायको बर्फावर अन् खेळणं प्लगवर.” सुमननंच हे सांगितलं असणार, इतकं चांगलं दुसऱ्या कोणाला सुचत नाही. तुझ्या केसात लाकडाचा भुसा लागला होता. मी काढत बसलो. तू थंड होती, डबा गरम होता. कूलरचं तोंड मी वळवलं नाही. ना तुझ्याकडे, ना आमच्याकडे. जिकडे तू ठेवलं होतं तिकडेच राहू दिलं. तुला हे क्रूर वाटलं असेल तर वाटू दे. तू माझ्यासोबत संसार केलास, माणूस कसा आहे ते तुला माहीत होतं.

पण खरं विचारशील तर मला भीती वाटली होती. तू गेली ते माझ्या हातात नव्हतं. ते बटन माझ्या हातात होतं. तुला एका दिवसात दोनदा मरू द्यायचं नव्हतं मला. एवढंच.

संजू आला. पाण्यात बूट घालूनच आला, तुझ्या पायाशी बसला. बऱ्याच वेळानं त्यानं डब्याचा लाल दिवा पाहिला. सुमन त्याला सगळं सांगतच होती, तुझा बाप वेडा झाला म्हणून. तो मला म्हणाला, “बाबा, हा गेम आता मोबाईलमध्ये येते. पाहिजे तिथं थांबवा, पाहिजे तेव्हा उघडा, पुसल्या जात नाही. यासाठी हे सगळं करायची गरज नव्हती.”

“मले काय माहीत?”

“आईले माहीत होतं. दिवाळीत मी तिच्या फोनात टाकून देत होतो.”

मी तुझ्याकडे पाहिलं. बर्फावर झोपलेल्या बाईकडे रागानं पाहणारा मी पहिलाच असेन.

“मंग?”

संजू खाली पाहत म्हणाला, “आई म्हणे, नको टाकू. फोनात दोघाले धरता येत नाही. मंग ह्या माणसाले काम काय राहीन?”

ऐक. म्हणजे माझी तलवार तू ठेवली म्हणून होती काय? इतके महिने डबा तापवला, कूलर वळवला, लाइट बिलावरून माझी बोलणी खाल्ली, आणि हे सगळं मला रिकामं बसू द्यायचं नाही म्हणून? मला वाटत होतं मी तुझ्यासाठी बसतो. बायकोचा एक हात गेला, आपण तिचा दुसरा हात झालो, असा माझा मोठेपणा. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटायचो. आणि तू मला पोसत होती. हे तू जिवंतपणी सांगितलं असतं तर मी पॅड फेकून दिलं असतं, म्हणून सांगितलं नाही. तुला माझी नस माहीत होती, बाई. तुझे आभार मानावे की तुझ्याशी भांडावं ते मला त्या पाण्यात उभं राहून ठरवता आलं नाही. अजूनही नाही. भांडायला घेतो, ते मला येतं.

संध्याकाळी तुला घाटावर नेलं. तिथलं लिहीत नाही.

घरी येऊन सुमननं तू होती त्या जागी पुसून कोरडं केलं, पीठ पसरलं, त्यावर दिवा ठेवला, वरून टोपली झाकली. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टोपली उचलली आणि मला हाक मारली. “भाऊजी, पाहा बरं. काय आहे हे?” पिठात एक वाकडी रेघ आणि बाजूनं बारीक बोटं.

“पाल,” मी म्हणालो.

“काहीही काय बोलता!”

“पालच आहे. बरोबर आहे. लांब जीभ अन् भिंतीले चिकटून राहणं.”

सुमनला हसू आलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. मी टीव्ही लावला.

“भाऊजी! सुतकात?”

दिवाणावर बसलो. पॅड दोन्ही हातात धरलं. इतकं हलकं असतं ते, मला माहीत नव्हतं. संजू आतून आला, तुझ्या जागी बसायला लागला. “मी चालवू का, बाबा?” मी म्हणालो, “तुले तर हे लहान पोरांचं वाटत होतं ना? तिकडं बस.” तो खाली जमिनीवर बसला.

मधलं बटन दाबलं. बेडूक तिथंच होता. तुझ्या लाल्याला त्यानं लगेच खाल्लं. या खेळात मेलं की पहिल्या मैदानात उभं राहायला मिळते, मिळवलेलं सगळं घेऊन. माणसाला तशी सोय नाही. मग मी चालायला लागलो. माझा डावा अंगठा म्हणजे लाकूड. झाडाला धडकलो, तळ्यात पाय घातला, सरळ रस्त्यात वाकडा गेलो. तू असती तर हसून मेली असती. तळ्याकाठी बदाम भरून घेतले, डोंगर चढलो, आणि काळ्या भुयाराच्या दारात आलो. थांबलो. मला वाटलं लाल्या आपोआप पाठ फिरवेल, इतकी मला सवय. तो उभाच राहिला. त्याला कोणी फिरवलंच नाही.

मी आत गेलो.

दार मागून बंद झालं. राक्षस आला, अर्ध्या टीव्हीएवढा, तोंडातून आग. मी डोळे बारीक करून तलवार मारली. तुला सांगतो, तो काहीच नव्हता. चार-पाच वार आणि लोळला. त्याच्या आगीनं लाल्याचा अर्धा बदामही गेला नाही. तू धोंडे ढकलून ढकलून ती ढाल काढली होती, ती पांढरी तलवार, ती बदामाची भरगच्च रांग. इतकं जमवून ठेवलं होतंस की त्या बिचाऱ्याची मला दया आली. याच्यासाठी आपण भांडत होतो. कधीही जाऊ शकलो असतो आपण. कोणत्याही सकाळी.

मग गाणं वाजलं, कोळ्याचे पाय खालून वर चालत गेले, बराच वेळ, आणि टीव्ही काळा झाला. संजू म्हणाला, “झालं.” मी काळ्या टीव्हीकडे पाहत बसलो. तुझं खरं झालं, असं मी म्हणणारच होतो. संपलं की संपलं. ओठावर आलं होतं.

तेवढ्यात टीव्ही उजळला.

लाल्या पहिल्या मैदानात. हातात काडी, बदाम तीन. तेच तळं, तेच डोंगर, पण गवत हिरवं नाही, तांबडं. पहिल्या मैदानातला तो कोपऱ्यातला धोंडा, ज्याच्याखाली पायऱ्या असतात हे आपल्याला झोपेतही माहीत, तो ढकलला. सरकला नाही. वरून, खालून, नाही. मग त्याच्या शेजारचा ढकलला. ज्याला तू कितीदा ढकललं आणि कितीदा शिव्या दिल्या तो. सरकला. खाली पायऱ्या.

संजू उठून उभा राहिला. “बाबा, हे सगळं बदललं! जागा सगळ्या बदलल्या. म्हणजे पुन्हा सगळं शोधायचं. सगळाच्या सगळा गेम!”

सगळे धोंडे, वं. एकूण एक धोंडा पुन्हा नवा. तुला जे पाहिजे होतं ते त्या दाराच्या मागं ठेवलेलं होतं, सुरुवातीपासून, आणि तू त्या दारात जाऊन परत फिरत होतीस. ते संपेल या भीतीनं. मी सांगत होतो, चल, एकदा आत चल. इतक्या वर्षांच्या भांडणात एकदा मी बरोबर निघालो आणि ऐकायला तू नाहीस. हा सूड तू कोणत्या जन्माचा उगवला?

मी लाल्याला पायऱ्यांवर नेलं. उतरलो. खाली काय होतं ते मी पाहिलं, संजूनं पाहिलं. तुला सांगणार नाही.

संजू “अरे!” म्हणून ओरडला आणि सुमनला हाक मारून सांगायला लागला, “मावशी, इकडं ये, खाली पाह काय...”

मी त्याचा हात धरून खाली बसवलं.

“हळू बोल,” मी म्हणालो. “तुह्या आईले ऐकू जाईन.”